अकरा मीटर अमेरिकन

४ एप्रिल, शुक्रवार. जुम्मा आणि जेवण उरकून.

आजपासून रोजनिशी. मराठीत. कारण सरळ आहे. माझी पोरगी यम्ना इंग्लिश मीडियमची, मराठी तिला ऐकून कळतं, पण आपली अक्षरं म्हणजे तिच्या मते दोरीवर वाळत घातलेले कपडे. बायको सुमैय्या म्हसळ्याच्या उर्दू शाळेतली. म्हणजे या घरात मराठी वाचणारा मी एकटाच, हर्णै मराठी शाळेचा माजी विद्यार्थी. एवढी सेफ जागा दुबईच्या अख्ख्या अल कुसैसमध्ये नाही. वही माझ्या सेफ्टी मॅन्युअलांच्या मागे ठेवणार. त्यांना घरात कोणी हात लावत नाही. धूळ पुसायला सुमैय्या लावते तेवढाच.

निर्णय: गाडी घ्यायची. साधी नाही. अमेरिकन. १९८६ ची, व्ही-एट, पाच लिटरचं इंजिन, दोन दरवाजे, काळी कुळकुळीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ते हाताने इंग्लिशमध्येच लिहिलं जातं आणि इंग्लिश यम्ना वाचते. नुसतं 'अमेरिकन' पुरे.

कारण: यम्नाच्या मोबाईलवर दोन वर्षं हिचाच फोटो आहे. ९ मार्चला ती ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म घेऊन आली. आता सतराव्या वर्षी लायसन्स मिळतं, फक्त बापाची एनओसी पाहिजे. मी म्हटलं बघू. ती म्हणाली काय बघणार. मी म्हटलं आधी रिस्क असेस करतो. तेव्हापासून ती माझ्याशी तीनच शब्द बोलते. ओके, फाइन आणि व्हॉटएव्हर. ३१ ऑगस्टला ती इंजिनियरिंग शिकायला जर्मनीला जाणार. पाच महिने उरलेत. पोरगी अशीच न बोलता विमानात बसली तर मी काय करीन, मला खरंच माहीत नाही.

सही केली नाही ती घाबरून नाही. मी घाबरत नाही. मी कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. घाबरायचा पगार घेता असं सुमैय्या म्हणते, पण तिला टेक्निकल माहिती नाही.

प्लॅन: बारावीच्या रिझल्टच्या दिवशी बिल्डिंगखाली अमेरिकन घेऊन उभं राहायचं. हॉर्न द्यायचा. एकदाच.

६ एप्रिल, रविवार

सुमैय्याला सांगितलं शारजाच्या साइटवर ऑडिट आहे. गेलो तिथल्याच इंडस्ट्रियल एरियातल्या खैरुद्दीनभायच्या गॅरेजवर. माणूस मुरूडचा, म्हणजे घरचाच. कोणी एक गोरा देश सोडताना त्याला गाडी विकून गेला. खैरुद्दीनभायने विचारलं सुरू करू काय. मी म्हटलं करा की.

इंजिन सुरू झालं तेव्हा मी खांबामागे होतो. खांबाला तडा गेलाय का ते बघत होतो. गेलेला नाही. हा आवाज कानात येत नाही, पोटात येतो. टायरच्या थप्पीवर झोपलेलं मांजर उठून पळालं. मी पळालो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

आत बसून बघितलं. पेडल तीन आहेत. माझ्या पांढऱ्या गाडीत दोनच. पूर्वीच्या कंपन्या सामान भरपूर द्यायच्या.

छत्तीस हजार दिरहमवर खलास केलं. खैरुद्दीनभायने तेच मोठ्याने रुपयांत करून सांगितलं, साडेआठ लाखांच्या आसपास. रुपयांत ऐकलं की पाय जड होतात. हर्णैच्या घराचं छप्पर अजून एक वर्ष काढेल.

ठरलं असं: गाडीचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी झाली की मुल्किया, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन कार्ड, नवीन मालकाच्या नावावर. तोवर गाडी गॅरेजमध्येच. पासिंगला गाडी कोण नेणार, त्याने विचारलं. मीच नेईन, मी म्हटलं. कोणीही विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

७ एप्रिल, सोमवार

सिग्नलला लायसन्स काढून बघितलं. खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे. ऑटोमॅटिक ओन्ली की काय. चष्मा डोळ्यावर होता, पण उजेड बरोबर नव्हता. परत खिशात ठेवलं.

माझं लायसन्स सहाव्या टेस्टला मिळालं. म्हणजे अनुभव इतरांच्या सहापट. सुमैय्याला २००९ साली पहिल्याच टेस्टला मिळालं, तेही गियरचं. इन्स्पेक्टरने नीट बघितलं नसणार. अजून रिन्यू करते, कशाला कोणास ठाऊक. तिला ड्रायव्हिंगची आवडच नाही. लायसन्स मिळाल्यावर दोन वेळा चालवली, मी शेजारी बसून आवश्यक तेवढ्या सूचना दिल्या, तिसऱ्या वेळी तीच म्हणाली तुम्हीच चालवा.

९ एप्रिल, बुधवार

सुमैय्या भेंडी चिरताना अचानक तिच्या भाईजानच्या जीपची गोष्ट सांगायला लागली. म्हसळ्याच्या घाटात तिने चालवली होती म्हणे, अठराव्या वर्षी. क्लच पूर्ण दाबायचा, मग हळू सोडायचा, गाडी थरथरली की पाय तिथेच धरायचा. मी म्हटलं आज हे कुठून आलं. ती म्हणाली भेंडीवरून आठवलं. भेंडीचा आणि जीपचा काय संबंध, अल्लाह जाणे.

१३ एप्रिल, रविवार

आज नेणार होतो. धूळ उडत होती. व्हिजिबिलिटी कमी. रद्द.

घरी बसून रिस्क असेसमेंट केलं, कंपनीच्या फॉर्मॅटमध्ये. हॅझर्ड एक, इंजिन. हॅझर्ड दोन, ब्रेक, एकोणचाळीस वर्षं जुने. हॅझर्ड तीन, शारजा-दुबई रोडवरचे इतर लोक. हॅझर्ड चार, ड्रायव्हर. शक्यता पाचपैकी चार, परिणाम पाचपैकी पाच, गुणाकार वीस. वीस म्हणजे लाल. लाल म्हणजे काम सुरू करायला परवानगी नाही. परवानगी देणारा मीच. मी स्वतःकडे रीतसर अर्ज केला आणि त्रुटी काढून परत पाठवला.

२० एप्रिल, रविवार

पुन्हा 'ऑडिट'. निघताना सुमैय्याने दोन डबे दिले. एक तुमचा, एक तिथल्या माणसांना, म्हणाली. सांदण होते. साधी बाई, ऑडिटमध्ये कोणी जेवायला देत नाही हेही तिला माहीत नाही.

गाडीत दोन तास बसलो. इंजिन बंद, हँडब्रेक वर, चारही चाकांना विटा. गियर टाकायची प्रॅक्टिस केली. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला घाम आला. खैरुद्दीनभाय सांदण खात म्हणाला नोमानभाय, सुरू करा, यल्ला, गाडी तुमचीच आहे. मी त्याला सांगितलं हा डेमो फेज आहे. त्याने भाभींना सलाम सांगायला सांगितलं. त्याची सुमैय्याशी ओळख कधी झाली?

१३ मे, मंगळवार

रिझल्ट. एक्क्याण्णव टक्के. माझी पोरगी.

अमेरिकन शारजात, मी ऑफिसात. केक घेतला, पांढरी गाडी बिल्डिंगखाली लावली, हॉर्न दिला. एकदाच. वॉचमन धावत आला आणि पार्किंगमधला प्लास्टिकचा कोन बाजूला करून गेला. वर यम्नाला केक दिला. थँक्स अब्बा, म्हणाली. दोन शब्द वाढले. सुमैय्या केक कापताना माझ्याकडे बघत होती.

बाथरूममध्ये जाऊन थोडा वेळ बसलो. ॲसिडिटी.

नवीन तारीख: २५ मे. पक्की.

२५ मे, रविवार. संध्याकाळी.

सविस्तर लिहितो, कारण घटनेची नोंद चोवीस तासांत व्हावी असा नियम आहे.

सकाळी सुमैय्या म्हणाली आज गरम आहे, सँडल घालून जा. मी म्हटलं साइटवर सँडल चालत नाहीत. सेफ्टी शूज घातले, स्टीलच्या टोपणाचे. हेल्मेट घेतलं. पिवळं जॅकेटही. परवानगीच्या फॉर्मवर अर्जदार मी, तपासणारा मी, देणारा मी. सही करताना हात थांबला. दोन मिनिटं थांबलेला होता. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

गॅरेजमधल्या चौघांना उभं करून सुरक्षेवर पाच मिनिटं बोललो. विटा काढायला लावल्या. इंजिन सुरू. क्लच पूर्ण दाबला, पहिला गियर, हळू सोडला, गाडी थरथरली, पाय तिथेच धरला. भेंडीवाली गोष्ट उपयोगी पडली. गाडी हलली. मी चालवत होतो. माझ्या तोंडून बिस्मिल्लाह निघालं की आईगं, खैरुद्दीनभायने वेगळं सांगितलं, मला आठवत नाही.

मग ब्रेक दाबला. सेफ्टी शूज रुंद असतात. टोपण ब्रेकवर आणि ॲक्सिलरेटरवर एकदमच बसलं. अमेरिकन टायरच्या थप्पीत. मांजर दुसऱ्यांदा पळालं. उजवा दिवा फुटला. मी सुखरूप, हेल्मेटमुळे. डोकं कुठेच आपटलं नाही, पण आपटलं असतं.

खैरुद्दीनभायने टेपने मोजलं. अकरा मीटर.

निष्कर्ष: ड्रायव्हरची चूक नाही. पेडलांमधलं अंतर अपुरं.

घरी आलो तेव्हा चहा बशीत सांडला. सुमैय्याने दुसरा चहा केला आणि माझे शूज उचलून बाल्कनीत ठेवले. ऑडिट कसं झालं, विचारलं. मी म्हटलं एक छोटं निरीक्षण आलं.

६ जून, शुक्रवार. बकरी ईद.

ईदला गाडी आणायची होती. दिवा नाही. शिवाय ईदच्या गर्दीत कोण नेतो.

दुपारी खेडवरून कृष्णाबाईंचा फोन आला. दर ईदला येतो. ईद मुबारक भाऊ, तब्येत कशी, यम्ना कशी, सगळं विचारतात. त्यांचा नवरा बाबाजी आमच्या अबुधाबीच्या साइटवर होता. २०१३. सकाळी परांचीवर चढायच्या परमिटवर मी सही केली. सगळं तपासलं होतं. सगळं बरोबर होतं. दहा वाजता फळी सरकली. बाबाजी तेव्हापासून खेडला खाटेवर आहे. कमरेखाली काही नाही. चौकशीत कोणाची चूक निघाली नाही, कागद एकदम क्लीन. कृष्णाबाईंनी मला एकदाही बोल लावला नाही. त्या माझी तब्येत विचारतात.

लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. मला सहीची भीती वाटते. सही केली की माणूस वर चढतो. यम्नाचा फॉर्म ९ मार्चपासून माझ्या बॅगेत आहे. रोज सोबत नेतो आणि रोज परत आणतो.

हे पान फाडावं का? राहू दे. वाचणारं कोण आहे.

७ जून, शनिवार

सुमैय्याने आज न सांगता माझ्या आवडीची तांदळाची खीर केली. मी टीव्ही बघत होतो, मागून आली आणि डोक्यावर हात ठेवून गेली. एवढंच. बायकांना ईदच्या दुसऱ्या दिवशी असं होत असेल.

१५ जून, रविवार

सरकारचा नियम आजपासून लागू. साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, १५ सप्टेंबरपर्यंत. हा नियम मजुरांसाठी आहे, पण सेफ्टी ऑफिसरने आधी स्वतः पाळावा. गाडीत एसी नाही, म्हणजे ती उघड्यावरच धरायला हवी. साडेबाराच्या आधी गॅरेज नीट उघडत नाही आणि तीननंतर जॅम. म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत कायदेशीररीत्या काही करता येत नाही. फार मोठं ओझं उतरलं.

मग आठवलं, फ्लाइट ३१ ऑगस्टची. ओझं परत आलं.

१३ जुलै, रविवार

शेहेचाळीस डिग्री. खैरुद्दीनभायचा फोन, दिवा आला, लावला पण. मी म्हटलं मी कुठे मागवला. तो म्हणाला आला ना, मग लावला. शारजात असंच चालतं वाटतं.

दिवा बघून परत येताना रस्त्याच्या कडेला एक गाडी, पुढचा भाग चेपलेला. एक मुलगी कठड्यावर बसलेली, यम्नाच्याच वयाची, अंगाला कुठे लागलेलं नव्हतं. फोनवर रडत बाबा, बाबा म्हणत होती. जॅममुळे मी तिच्या समोर पाच मिनिटं उभा. ते अजून डोळ्यांसमोर आहे. अपघात नाही. ती फोन कोणाला करत होती, ते. यम्ना तिकडे जर्मनीत कुठे अडकली तर मला फोन करेल काय? केला तर काय बोलेल. फाइन?

घरी आल्यावर यम्नाच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. तिने हेडफोन काढून विचारलं, व्हॉट हॅपन्ड अब्बा. मी म्हटलं काही नाही, एसी चालू आहे ना. ती म्हणाली इट्स ऑन. चांगलं संभाषण झालं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

यम्नाचा वाढदिवस. केक, बिर्याणी, बिल्डिंगमधल्या चार मैत्रिणी. मी दुरून फोटो काढले. सगळ्यांत माझं बोट आलंय.

बारा दिवस. येत्या रविवारी, २४ ला, काहीही झालं तरी. नियम गेला उडत. लायसन्सवर काय लिहिलंय ते मला माहीत आहे. एप्रिलपासून माहीत आहे. तरी नेणार. पकडलं तर पकडलं. सेफ्टी शूज घालणार नाही.

हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. पण बघ, लिहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी नऊला गॅरेज. पायात यम्नाचे जुने स्पोर्ट्स शूज, बोटं दुमडून. हेल्मेट मात्र होतं.

गाडी नाही.

जागा रिकामी, खाली तेलाचा डाग, डागावर मांजर. मी खैरुद्दीनभायला ओरडून विचारलं गाडी चोरीला गेली काय, पोलीस, सीसीटीव्ही. तो शांतपणे चहा ओतत म्हणाला चोरीला कशी जाईल, भाभी घेऊन गेल्या, पासिंगला. मी म्हटलं कुठल्या भाभी. तो म्हणाला तुमच्याच. दिवा पण त्यांनीच पाठवला होता. एप्रिलमध्येच पहिल्यांदा फोन केला, तेव्हापासून दर रविवारी नोमानभाय सुखरूप निघाले का, विचारतात.

मी टायरवर बसलो. तिसरं पेडल, जुने ब्रेक, तो रोड, आणि गाडीत सुमैय्या. एकटीच गेली का, विचारलं. नाही, म्हणाला, बेटी पण होती.

दोघी. मी उठलो, बसलो, उठलो. आयतुल कुर्सी तीन वेळा म्हटली. पांढरी गाडी घेऊन मागे जावं तर चावी कुलपात शिरेना. पन्नास मिनिटं. तेवढ्या वेळात मी त्या दोघींना किती वेळा, कसं कसं मेलेलं बघितलं ते लिहिणार नाही.

मग आवाज आला. पोटात. अमेरिकन गल्लीत वळली, दुसऱ्या गियरमध्ये, शांत. सुमैय्याने दुपट्टा नीट केला, क्लच दाबला, रिव्हर्समध्ये एकाच वळणात गाडी जागेवर लावली. मांजर हललंसुद्धा नाही. पासिंग झालं, म्हणाली. सहज. भाजी आणली, म्हणावं तसं.

यम्ना उतरली आणि मला हेल्मेटमध्ये बघून हसली. मार्चनंतर पहिल्यांदा. अब्बा, यू बॉट धिस? फॉर मी? मी हो म्हटलं. आणि मला चालवता येत नाही, असंही म्हटलं. ते तोंडून निघालं. आय नो, ती म्हणाली, अम्मी टोल्ड मी.

मुल्किया सुमैय्याच्या नावावर झालाय. गियरचं लायसन्स तिचंच, गाडी तीच चालवणार, तर कागद पण तिचाच, असं खैरुद्दीनभायने मला समजावलं. त्यात मला एकही त्रुटी काढता आली नाही.

मग मला मागच्या सीटवर बसवून एक चक्कर. मागची सीट अमेरिकनांनी पिशव्या ठेवायला केलेली असावी. गुडघे हनुवटीला. पहिला सिग्नल येईपर्यंत डोळे मिटून होतो. एकही सूचना दिली नाही, कारण आवाजच फुटला नाही. यम्नाने वळून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली अब्बा, ब्रीद.

आता घरी येऊन वही काढली तर मागच्या पानाखाली निळ्या शाईत, माझ्यापेक्षा बऱ्या अक्षरात, हे:

'यम्नाचे अब्बा, उर्दू शाळेत मराठी सक्तीची होती. दहावीला मला एक्क्याऐंशी मार्क होते. मराठी वाचायला त्रास होत नाही, तुमचं अक्षर वाचायला होतो. मला ड्रायव्हिंगची आवड आहे. पहिल्यापासून आहे. तुमच्या सूचनांची नव्हती. बाबाजींच्या सहीचं तुम्ही बारा वर्षांत मला तोंडाने सांगितलं नाहीत, ते वहीत वाचावं लागलं. याचा मला राग आहे. बाकी कशाचा नाही. डबा बॅगेतच आहे, तो सिंकमध्ये टाका.'

डबा टाकला.

२५ ऑगस्ट, सोमवार

सुमैय्या फार उत्तम गाडी चालवते. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही.

संध्याकाळी तिला बाबाजींचं सगळं सांगितलं. तोंडाने. मध्येच रडू आलं. शेवटी ती म्हणाली पुढच्या वेळी कृष्णाबाईंचा फोन मलाही द्या.

३१ ऑगस्ट, रविवार

फ्लाइट दुपारी सव्वादोनची. सामान पांढऱ्या गाडीत बसलं असतं, पण यम्ना अमेरिकनमधूनच जाणार म्हणाली. मोठ्या बॅगा शेजारच्या अर्शच्या गाडीतून आधीच पाठवल्या. सुमैय्या स्टिअरिंगला, यम्ना पुढे, मी मागे. एसी नाही, खिडक्या उघड्या, गरम वारा तोंडावर. स्पीड शंभर. मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. भीती वाटली. वाटली म्हणजे वाटली.

एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये मी बॅगेतून फॉर्म काढला. ९ मार्चचा. चार कोपरे दुमडलेले, एका बाजूला सांदणाचा डाग. बोनेटवर ठेवला. बोनेट एवढं तापलं होतं की हात टेकवेना, म्हणून यम्नाच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. एका दमात. हात थांबला नाही. यम्ना वाकून उभी होती, हसत नव्हती. तिला म्हटलं डिसेंबरच्या सुट्टीत येशील तेव्हा टेस्ट दे. माझी परवानगी आहे. मला फोन करत जा, काही झालं तरी, काही झालं नाही तरी.

तिने कागद नीट वाचला. मग म्हणाली अब्बा, आय टर्न्ड एटीन. नाइन्टीन्थला. अठरा झाल्यावर एनओसी लागतच नाही.

मी सुमैय्याकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. तिला माहीत होतं.

यम्नाने कागदाची चार घड्या करून तो पासपोर्टच्या पाऊचमध्ये ठेवला. मला मिठी मारली, बराच वेळ. आत गेली. वळून हात केला. फोन चालू ठेव, असं मी काचेतून खुणेने सांगितलं. तिने फोन वर धरून दाखवला. त्यावर जुना फोटो नव्हता. आमच्या गाडीचा होता, उजवा दिवा जरा वेगळ्या रंगाचा.

गाडीत येऊन मागे बसलो. सवयीने. सुमैय्या म्हणाली आता पुढची सीट रिकामी आहे, पुढे या.

पुढे जाऊन बसलो. बेल्ट दोनदा तपासला. चला, म्हटलं.